साबुदाणा, साखर आणि सागवान

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं खाण्यातल्या पिठा-साखरेचीच निघाली. म्हणून पाण्याच्या फिल्टरची आणि तुरटीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आहेत, संबंधितांनी राग मानू नये. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत असे, डॉक्टर नाही. तेव्हा गोळ्यांचे डोस मला विचारू नयेत.

कोथरूडहून एक आई लिहितात : मुलगा जिमला जायला लागल्यापासून पोळी, भात, भाकरी सगळं बंद. 'कार्ब्स म्हणजे विष' म्हणतो आणि अंडी-पनीरवर राहतो. पहिल्याच आठवड्यात वजन उतरलं, त्यामुळे आता माझं ऐकेनासा झालाय. हे कार्ब्स म्हणजे नेमकं काय? आणि ज्वारीची भाकरी न् साखर एकाच माळेचे मणी कसे?

बाई, आधी एक गंमत करा. चिरंजिवांना भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात टाकून, वर काही न लावता, दोन मिनिटं नुसता चावत राहायला सांगा. सुरुवातीला पिठूळ लागेल, मग हळूहळू गोडसर. ज्वारीच्या पिठात सर्वांत जास्त असतो तो स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेली साखळी. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, ती साखळी कापतं आणि त्यातून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सुटतात. ते माल्टोज. जिभेला लागलेली गोडी त्याची. प्रॅक्टिकलला मी मुलांना हेच करायला लावायची. चावलेला घास परीक्षानळीत, त्यावर बेनेडिक्टचं निळं द्रावण, आणि नळी उकळत्या पाण्यात. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, शेवटी विटकरी, ही साखर सुटल्याची खूण. शेजारच्या नळीत न चावलेलं पीठ असायचं, ते निळंच राहायचं. फळ्यावर तासभर लिहून जे डोक्यात शिरत नाही ते या दोन नळ्या करतात.

एक ग्लुकोज म्हणजे ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. पाण्यात तो बहुतेक वेळ कडं करून बसतो : पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन कड्यात, सहावा कार्बन बाहेर. अशी दोन कडी जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि ती जोडणी तोडायला पाण्याचा एक रेणू घालावा लागतो. भाकरीचं पचन म्हणजे हीच तोडणी, तोंडापासून लहान आतड्यापर्यंत. साखरेचा रेणू त्यामानाने चिमुकला, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. त्यामुळे भाकरी आणि साखर एका घरातली, कर्बोदकांच्या म्हणजेच कार्ब्सच्या घरातली, खरी. पण भाकरीत कोंडा आहे, प्रथिनं आहेत, आणि ती रक्तात उतरायला वेळ घेते. साखरेच्या चमच्यात साखरेखेरीज काहीही नाही.

आता 'विष' म्हणण्याबद्दल. आपल्या सगळ्या रक्तात मिळून कुठल्याही क्षणी जेमतेम ५ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असतं, चहाचा एक चमचा समजा. दिवसाला नुसता मेंदूच १२० ग्रॅमच्या आसपास खातो. तांबड्या पेशींना तर दुसरं काही चालतच नाही, कारण चरबी जाळायची भट्टी, म्हणजे मायटोकाँड्रिया, त्यांच्याकडे नसतेच. त्यामुळे यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३००-४०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवून ठेवलेलं असतं. तीही ग्लुकोजचीच साखळी, फक्त स्टार्चपेक्षा जास्त फांद्यांची. यकृत आपला साठा रक्तात सोडतं. स्नायूंना ते जमत नाही, त्यांचं त्यांनाच लागतं.

आणि इथेच त्या पहिल्या आठवड्याच्या वजनाचं रहस्य आहे. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पोळी-भात बंद केला की साठा संपतो, पाणी लघवीवाटे जातं, काटा खाली येतो. चरबी अजून तिथेच आहे. मुलगा पुन्हा दोन दिवस व्यवस्थित जेवला की हे वजन परत येईल आणि तो भाकरीला दोष देईल.

त्याची बाजूही सांगायला हवी. कर्बोदकं अजिबात खाल्ली नाहीत तरी माणूस मरत नाही. यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज बनवतं, मेंदू बराचसा भार कीटोनवर, म्हणजे यकृताने चरबीपासून बनवलेल्या इंधनावर, ढकलतो. पण मग महागड्या पनीरमधली प्रथिनं स्नायू कमावायला वापरायची, का जाळून त्यांचंच ग्लुकोज करायचं? हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. जिमची पोरं प्रथिनांचा हिशेब ग्रॅमवर ठेवतात, त्यांना तो कळेल.

सदाशिव पेठेतील एक निवृत्त गृहस्थ : लाकूडही ग्लुकोजचंच बनलेलं असतं असं नातवाच्या पुस्तकात वाचलं. तसं असेल तर आपल्याला सागवान का पचू नये? (कृपया 'दात तुटतील' असं उत्तर देऊ नये.)

दातांचा विषय मी काढणार नव्हते. तुमचा प्रश्न या गठ्ठ्यातला सर्वांत चांगला आहे.

नातवाचं पुस्तक अर्धं बरोबर आहे. लाकडात लिग्निन वगैरे इतर मंडळीही असतात, पण मोठा वाटा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे निव्वळ ग्लुकोज. कापूस तर जवळजवळ सगळाच सेल्युलोज. म्हणजे तुमच्या अंगातला सुती सदरा आणि ताटातला भात सुटा करून पाहिला तर दोन्हींत एकच रेणू सापडेल.

फरक आहे तो जोडणीत. ग्लुकोजच्या कड्याला पहिल्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन. तो कड्याच्या पातळीच्या खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. स्टार्चमध्ये पहिल्या कार्बनापासून पुढच्या कड्याच्या चौथ्या कार्बनाकडे जाणारी जोडणी अल्फा असते, सेल्युलोजमध्ये बीटा. बस्स, एवढंच. अल्फा जोडणीने साखळीला प्रत्येक पायरीला बाक येतो आणि ती मळसूत्रासारखी वळत जाते. त्या वळणांच्या पोकळीत आयोडिन जाऊन बसतं, म्हणूनच बटाट्याच्या फोडीवर आयोडिनचा थेंब टाकला की शाईसारखा निळा-काळा डाग पडतो. बीटा जोडणीत मात्र एकाआड एक कडं उलटं होतं आणि साखळी सरळसोट जाते. मग अशा कितीतरी साखळ्या मंडईतल्या मेथीच्या जुडीसारख्या शेजारी-शेजारी लागतात, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात, आणि पाण्याला आत शिरायला फट उरत नाही. भात शिजतो आणि सदरा धुतला तरी विरघळत नाही, तो यामुळे.

आपलं अमायलेज अल्फा जोडणी ओळखतं, बीटा त्याच्या खिजगणतीत नाही. सेल्युलोजमधली ही बीटा जोडणी तोडणारं एन्झाइम बनवण्याची कृती आपल्या जनुकांत नाहीच. गाईच्याही नाही, बरं का. तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात सूक्ष्मजीव राहतात, ते कडबा तोडतात आणि गाय त्यांच्यावर जगते. आपल्या मोठ्या आतड्यातही तसे सूक्ष्मजीव आहेत. ते सेल्युलोज थोडंच खातात, पण ओट, शेंगा, फळं यांतले मऊ तंतू आवडीने आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी इंधन म्हणून मुख्यतः ते ब्युटिरेटच वापरतात. म्हणजे चोथा 'वाया' जातो असं म्हणायची सोय नाही.

ग्लुकोजमधले गट कुठल्या बाजूला, हे कळलं कसं, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचारालच म्हणून आत्ताच सांगते. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९१ च्या सुमारास ग्लुकोजमधल्या गटांची मांडणी नुसत्या रासायनिक अभिक्रिया करून आणि तर्क लढवून ठरवली. क्ष-किरणांनी रेणू पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. क्ष-किरणांचाच शोध १८९५ चा. फिशर यांना १९०२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ती तर्काची साखळी मी दर वर्षी शिकवली आणि कंटाळा कधी आला नाही.

बिबवेवाडीहून एका ताईंचा प्रश्न : एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली की दर वेळी गोळा होतो. सासूबाईंची मोकळी व्हायची. शिवाय उपासाला साबुदाणा हलका असतो ना?

हलका? १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी, आणि त्या जवळजवळ सगळ्या स्टार्चच्या. प्रथिनं नावाला. उपासाच्या पदार्थांत हा चांगलाच भरभक्कम गडी आहे. खिचडीला दाण्याचं कूट घालायची चाल ज्या कुणी पाडली तिला माझा नमस्कार, कारण प्रथिनं आणि तेल तिथूनच येतात.

आपल्याकडचा साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. शाबूकंद सोलायचे, किसून धुवायचे, पांढरं पाणी निवळू द्यायचं. खाली बसतो तो स्टार्च. तो ओलसर असताना हलवून-हलवून त्याचे दाणे करतात, थोडा ताव देतात आणि वाळवतात. त्या तावाने दाण्याचं बाहेरचं कवच अर्धवट शिजलेलं असतं, म्हणून तो भिजल्यावर विरत नाही.

आता गोळा. स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात, सरळ अमायलोज आणि फांद्या फुटलेली अमायलोपेक्टिन. शाबूकंदात अमायलोपेक्टिनचा भरणा, आणि चिकटपणा मुख्यतः त्याचा. ६०-७० अंश सेल्सियसच्या पुढे पाणी मिळालं की स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि आतलं बाहेर येतं. त्यामुळे दोनच गोष्टी सांभाळायच्या : वरची मोकळी पिठी धुऊन काढायची, आणि जास्तीचं पाणी राहू द्यायचं नाही. पाणी ढवळ येईनासं होईपर्यंत धुवा, मग दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने पाणी ठेवून रात्रभर झाका. सकाळी दाणा दोन बोटांत चेपला तर मधे कण लागता कामा नये, आणि भांडं कलतं केलं तर पाण्याचा थेंब गळता कामा नये. कूट फोडणीत टाकण्याऐवजी आधीच साबुदाण्याला चोळा, दाण्याभोवती तेलकट लेप बसतो. झाकण ठेवलंत तर वाफ धरेपर्यंतच. सासूबाई हेच करत असणार.

कर्वेनगर : आई सांगते, गूळ नैसर्गिक, साखर केमिकल. मधुमेहाला गूळ चालतो. खरं का?

नाही. गुळातही बहुतांश तेच सुक्रोज, म्हणजे साखरच, जोडीला थोडं सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि थोडे क्षार. क्षार खरे आहेत, पण त्यासाठी किती गूळ खाणार? चवीला गूळ हजारपट सरस, पुरणपोळीत साखर घालणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण ग्लुकोमीटरला चव कळत नाही.

वारज्याहून : सकाळची मऊसूत पोळी संध्याकाळी चिवट का होते? फ्रिजमधला ब्रेड तर आणखी लवकर शिळा होतो, असं का?

पोळी सुकते म्हणून चिवट होते हा समज. हवाबंद डब्यातली पोळीही चिवट होतेच. भाजताना स्टार्चच्या साखळ्या विस्कटतात आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, तो मऊपणा. थंड होताना त्या पुन्हा एकमेकींशेजारी ओळीने लागू पाहतात, पाणी बाहेर ढकलतात आणि कडक होतात. ही क्रिया फ्रिजच्या ४ अंशांच्या आसपास सर्वांत जोरात होते, गोठवलं की जवळपास थांबते. म्हणून ब्रेड ठेवायचाच तर बाहेर ठेवा नाहीतर फ्रीझरमध्ये. शिळी पोळी तव्यावर गरम केली की फांद्यांच्या साखळ्या पुन्हा सैल होतात, म्हणून फोडणीची पोळी मऊ लागते. अमायलोजचा काही भाग मात्र तसाच घट्ट राहतो, तो लहान आतड्यात पचत नाही आणि खाली सूक्ष्मजीवांच्या वाट्याला जातो. त्याला 'रेझिस्टंट स्टार्च' म्हणतात आणि हल्ली त्याचं फार कौतुक चालतं. कौतुक असू दे, पण उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भात शिजवूनही न मरणारे काही जिवाणू आहेत, ते रात्रीत वाढतात आणि उलट्या-जुलाब लावतात.

नाना पेठेतील एक कार्यकर्ते : पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा आमचं मंडळ वारकऱ्यांना पाणी आणि ओआरएस देतं. काही वयस्कर मधुमेही असतात. त्यांच्यासाठी साखर वगळून नुसतं मीठ-पाणी केलं तर?

तुमची काळजी रास्त आहे, पण जुलाब होत असतील तर साखर वगळू नका. ओआरएसमध्ये साखर असते ती कामाला. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि मिठातल्या सोडियमचे दोन आयन एकदमच आत घेतं. ग्लुकोज नसेल तर त्या दाराने सोडियमही आत जात नाही. आणि सोडियम आत गेलं की पाणी आपोआप मागे जातं. पटकी (कॉलरा) किंवा तसल्या जुलाबांत सोडियम शोषण्याचे इतर मार्ग बिघडतात, हे दार मात्र उघडं राहतं. नुसतं मीठ-पाणी पाजलं तर ते तसंच खालून निघून जातं.

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून पिंपांत पाणी कालवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. ३० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आजच्या प्रमाणित पाकिटात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त गोड केलंत तर उलटा परिणाम होतो, आतड्यातली साखर शरीरातलंच पाणी ओढून घेते. एक पाकीट दोन ग्लासांत संपवणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत, त्यांना लिटरची बाटली मोजून द्या. मधुमेही माणसाला जुलाब असतील तर ओआरएस द्या आणि डॉक्टरांना दाखवा. नुसता घाम आला असेल, जेवणखाण नीट असेल, तर त्याला साधं पाणी आणि मिठाचं ताक पुरे.

हडपसरहून बारावीतला विद्यार्थी : सरांनी सांगितलं की रक्तगट साखरेवर ठरतो. मग मधुमेह झाल्यावर रक्तगट बदलतो का? (वर्गात सगळे हसले, उत्तर कुणी दिलं नाही.)

हसणाऱ्यांना येत असतं तर त्यांनी सांगितलं असतं. रक्तगट बदलत नाही. पण दोन्हीकडे साखर आहे, आणि ती दोन निरनिराळ्या तऱ्हांनी चिकटते.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर लहान-लहान शर्करांच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज आणि त्याला जोडलेलं फ्युकोज असेल तर त्याला एच म्हणतात. एवढ्यावर थांबलं की रक्तगट ओ. त्याला आणखी एक गॅलॅक्टोज जोडलं की बी. त्याऐवजी नायट्रोजन असलेला गॅलॅक्टोजचा भाऊ, एन-असिटाइल गॅलॅक्टोसामीन, जोडला की ए. दोन्ही जोडणारी एन्झाइमं असतील तर एबी. ही जोडणी तुझ्या जनुकांनी ठरवलेली एन्झाइमं करतात. रक्तात साखर ८० असो की ३००, त्यांना फरक पडत नाही.

मधुमेहात मात्र रक्तातलं ग्लुकोज कुठल्याही एन्झाइमशिवाय, आपलं आपण, हिमोग्लोबिनला चिकटत जातं. साखर जितकी जास्त तितकं जास्त चिकटतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हे चिकटलेलं प्रमाण मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. घरातल्या मोठ्यांच्या रिपोर्टवर एचबीए१सी लिहिलेलं असतं ते हेच. आदल्या दिवशी पथ्य पाळून तिथे फसवता येत नाही.

आणि एक गोष्ट सरांना विचार. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे रुग्ण सापडले की ज्यांच्या पेशी तपासात ओ दिसायच्या, पण ओ रक्त त्यांच्या रक्ताशी जुळेना. त्यांच्यात ते फ्युकोज जोडणारं एन्झाइमच काम करत नव्हतं. म्हणजे एचच नाही, मग ए आणि बी कशावर जोडणार? आणि ज्याच्याकडे एच नाही त्याचं शरीर एचला परकं समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार ठेवतं. सगळ्यांना चालणारं म्हणून मिरवणारं ओ रक्त अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतं. हाच बॉम्बे रक्तगट. त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. नेहमीच्या तपासात ही माणसं ओ म्हणूनच नोंदली जाऊ शकतात. एचविरोधी द्रवाने पेशी तपासल्या, किंवा त्यांचा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, ओ पेशींशी मिसळून पाहिला, की गुठळ्या कुठे होतात आणि कुठे होत नाहीत त्यावरून फरक उघड होतो. म्हणून कार्डावर गट छापलेला असला तरी रक्त चढवण्याआधी रक्तपेढी क्रॉसमॅच करतेच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का ते मिसळून पाहतेच, आणि त्यासाठी थांबावं लागलं तर तंत्रज्ञावर ओरडायचं नसतं.